अंगठा आधी मातीत

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की आधी काशेळी लागते आणि मग काल्हेर. आज तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, उंच इमारती आणि ट्रकांच्या रांगा आहेत, आणि मधोमध मेट्रो-५ चे खांब. मुंबईच्या जकातनाक्यांच्या बाहेर आणि तरीही मुंबईच्या दाराशी, म्हणून व्यापाऱ्यांनी भिवंडीचा हा पट्टा गोदामांसाठी हेरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामे राहिली. वाढलीसुद्धा.

गोदामांच्याही आधी इथे भाताची शेते होती. पावसाळ्यात नजर पोचेल तिथवर हिरवे, आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच शेतांवर मिठाचा पांढरा पापुद्रा. एकीकडून उल्हास नदीचे गोडे पाणी, दुसरीकडून भरतीचे खारे. दोघांनी आणून टाकलेल्या गाळावर ही जमीन बसलेली.

त्या काल्हेरात एक म्हातारा शेतकरी राहत होता. त्याचा बाप कूळ होता. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ मालक झाले, तेव्हा बापाच्या नावावर जमीन चढली. म्हाताऱ्याने ती चाळीस पावसाळे कसली. पुढे मुलांनी विकली. घेणाऱ्याने डोंगराकडून हायवा भरभरून लाल मुरूम आणला, उंचसखल सारे एका पातळीत आणले, वर रोलर फिरवला, बिगरशेतीचे कागद केले आणि तीन प्लॉट आखले. तिन्ही सारखेच सपाट आणि सारखेच लाल. भावही एकच.

म्हातारा रोज सकाळी समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचा. मुरमाखाली काय गाडले गेले आहे ते त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पण त्याला कोणी विचारत नव्हते, आणि विचारल्याशिवाय बोललो तर ‘म्हातारा सौदा मोडतो’ म्हणतील, म्हणून तोही गप्प होता.

पहिला आला तो ट्रकांचा मालक. त्याला गाळा बांधायचा होता. तो गाडीतून उतरला, रस्ता पावलांनी मोजला आणि एजंटला एकच प्रश्न विचारला, “चाळीस फुटी कंटेनर इथं वळेल ना?” वळेल म्हटल्यावर त्याने रस्त्यालगतच्या प्लॉटचा इसार तिथेच दिला. सौदा चहा थंड व्हायच्या आत झाला.

दुसरे आले ते मास्तर. ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशातून टुमदार घर बांधायचे, अंगणात झोपाळा टांगायचा, असे त्यांच्या मनात होते. मास्तर कागदाला पक्के. सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, मोजणीचा नकाशा घेतला, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढला. भिवंडीभोवतीच्या साठ गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे, म्हणून तिथे जाऊन आराखड्यात प्लॉट कुठल्या पट्ट्यात येतो तेही तपासले. ईशान्य कोपरा कुठे येतो ते वास्तुवाल्याला विचारले. बँकेने कर्ज मंजूर केले तेव्हा तर ते निर्धास्तच झाले. एवढी मोठी बँक पैसे देते म्हणजे जागा चांगलीच असणार! फाईल चार बोटे जाड झाली. तिच्यात मालकाविषयी सगळे होते, मातीविषयी एक ओळ नव्हती. त्यांनी मधला प्लॉट घेतला.

तिसरी आली एक बाई. ठाण्याच्या बाजारात फुले आणि रोपे विकायची. स्वतःचा मळा करावा, गुलाब लावावा, कडेला घेवडा-वाल चढवावा, असा तिचा बेत होता. ती सकाळी लवकर आली आणि तिच्या हातात फाईल नव्हती, पहार होती. खाडीकडच्या शिल्लक प्लॉटवर बसून ती खणू लागली.

म्हातारा टपरीवरून उठला आणि जवळ गेला.

“काय शोधतेस बाय?”

“वरचा मुरूम दिसतोच आहे, बाबा. खाली काय आहे ते बघते.”

म्हातारा मटकन खाली बसला. इतक्या दिवसांत कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

दीड फूट लाल मुरूम निघाला. त्याखाली करडी-काळी चिकणमाती लागली. तिला कुजक्या मुळांचा वास होता आणि तिच्यात कालवांच्या फुटक्या शिंपा होत्या. म्हाताऱ्याने खड्ड्यातून लाडवाएवढे ढेकूळ उचलले आणि त्यावर अंगठा ठेवून हलकेच दाबला. अंगठा पेरभर आत गेला. मग त्याने ढेकूळ बाईच्या हातात दिले. “तूही दाब.”

बाईने दाबले. तिचाही अंगठा आत गेला.

“ही खार हाय,” म्हातारा म्हणाला. “इथं आमी फक्त राता भात लावायचो. तांबडा तांदूळ. दुसरं कुठलंबी लावलं तर मिठानं करपून जायचं. पुढं पनवेलच्या केंद्रानं खारीत टिकणाऱ्या जाती काढल्या, त्याबी लावल्या. पन पावसाळा सरला की इथं काय नाय. उन्हाळ्यात खालचं मीठ पान्याबरोबर वर चढतं आणि पांढरं फुटतं. कडेला मोरस उगवायची, तिची आमी भाजी करायचो. मोरस दिसली का समजायचं, मीठ हाय.”

“आणि पाणी?”

“पूर्वी बांध होता, बांधाला उघाडी होती. ओहोटीला ती उघडून पावसाचं पानी मीठ घेऊन खाडीत जायचं, भरतीला झाकण आपोआप बसायचं. आता बांधाकडं बघनारी पोरं गोदामात कामाला लागली. २००५ च्या २६ जुलैला इथं माझ्या छातीएवढं पानी होतं.”

मग त्याने न विचारता बाकीच्या दोन प्लॉटांकडेही हात केला. “तो मधला दिसतो ना, तिथं अर्ध्यात तळं होतं. म्हशी डुंबायच्या. ते पाडलेल्या बिल्डिंगांच्या राबिटानं भरलं आणि वर मुरूम पसरला. बाकीचा अर्धा म्हंजे तळ्याची पाळ, ती घट्ट. आणि तो रस्त्याकडचा, तो माळ. तिथं नांगराला दगड लागायचा. वरी नायतर नाचणी, त्यापुढं काय व्हायचं नाय. हातभर खाली काळा पाषाण.”

अर्ध्या तासात तिन्ही प्लॉटांचा अहवाल बाईच्या हातात होता. तोही फुकट.

तेवढ्यावर ती थांबली नाही. मुरमाचा थर बाजूला सारून तिने प्लॉटभर दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे केले आणि प्रत्येकाच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घेतली. बांधाजवळची टाळली. सगळी माती कागदावर एकत्र कालवली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले. असे करत अर्धा किलो उरली ती पिशवीत भरली, सावलीत वाळवली आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत दिली. झाडांची मुळे खोल जातात, म्हणून हात-दीड हात खालचा नमुना वेगळा दिला. अहवाल आला. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की माती क्षारयुक्त धरतात. इथे आकडा त्याच्या दुपटीच्या पुढे होता. गुलाब आणि घेवडा मिठापुढे सगळ्यांत आधी मान टाकतात. म्हणजे मनातला मळा इथे होणार नव्हता.

एजंट म्हणाला, “मग राहू द्या.” बाई म्हणाली, “राहू कशाला देऊ? भाव मातीप्रमाणे लावा.” अहवालाचा कागद तिने टपरीच्या बाकावर ठेवला. पुढचे गिऱ्हाईकही कदाचित पहार घेऊन येईल, हे एजंटच्या ध्यानात आले आणि भाव उतरला.

रस्त्याकडचा माळ तिला नकोच होता. ट्रकमालकाने सोडला असता तरी तिने घेतला नसता. हातभर मातीखाली पाषाण असेल तर झाडाने मूळ कुठे घालायचे? गाळ्याला सोन्यासारखी असलेली जागा बागेला कुचकामी होती.

एक काम मात्र तिने केले. मास्तरांना गाठून तळ्याची गोष्ट सांगितली. मास्तर हसले. “अहो ताई, बँकेच्या माणसाने जागा पाहिली आहे.” इसार दिल्यावर माणसाला वाईट बातमी ऐकू येत नाही.

मास्तरांचे घर उभे राहू लागले. त्यांचा इंजिनिअर भला माणूस होता. तो म्हणाला, “सर, पाया ठरवण्याआधी बोअर घेऊन खालचे थर बघू.” मास्तरांनी हिशेब केला. एका मजल्याच्या घराला एवढे कशाला? त्या पैशात स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा झाला.

इंजिनिअर विचारत होता त्याला आधार होता. पायाविषयीच्या भारतीय मानकात कोणत्या जमिनीने किती भार पेलावा याचे ढोबळ आकडे दिलेले आहेत. सलग कठीण काळा पाषाण चौरस मीटरला सुमारे ३३० टन. अंगठा बेताने दाबल्यावर ठसा उमटतो अशी मऊ चिकणमाती सुमारे १० टन. आणि जिच्यात अंगठा काही सेंटिमीटर आत जातो ती केवळ ५ टन. म्हाताऱ्याने खड्ड्यापाशी बसून जे केले तेच शास्त्रही सुरुवातीला करते. फरक एवढाच, की शास्त्र तिथे थांबत नाही, पुढे यंत्र लावून मोजते. आणि डबराने भरलेल्या तळ्याला तर मानक कुठलाच आकडा देत नाही. तशी जागा स्वतंत्र तपासल्याशिवाय विश्वासाची नाही.

पहिला पावसाळा सुखरूप गेला. दुसऱ्या पावसाळ्यात बैठकीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली. तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायरी पायरीने वर चढत गेलेली. ठेकेदार म्हणाला, “प्लॅस्टरची आहे, पुट्टी भरू.” दिवाळीला पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्या आषाढात भेग त्याच जागी उघडली आणि न्हाणीघराचे दार चौकटीत अडकू लागले. तेव्हा इंजिनिअरने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. भेग जुनी, मेलेली असेल तर काच शाबूत राहते. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. महिनाभरात काच तडकली.

मग बोअर झाला. आधी करायचा तो नंतर. अर्धे घर पाळीच्या घट्ट मातीवर होते, अर्धे तळ्याच्या भरावावर. घट्ट बाजू जागची हलली नाही, भरावाची बाजू बसत गेली आणि मधे सापडलेली भिंत फाटली. सगळे घर सारखे खचले असते तर एवढी भेग पडली नसती. एक बाजू खचली आणि दुसरी राहिली, हे घराला सोसवत नाही.

मास्तरांना सगळ्यात लागले ते निराळेच. भूगोलाच्या तासाला त्यांनी कितीतरी मुलांना पिसाचा मनोरा शिकवला होता. ११७३ साली बांधायला घेतलेला, तिसरा मजला चढता चढता कलायला लागलेला, कारण एका अंगाची जमीन जास्त मऊ. फळ्यावर तिरका मनोरा काढून मुलांना हसवले होते. पायाखाली मजबुती करून घ्यायला जो खर्च आला त्यात तसे कितीतरी बोअर आणि कितीतरी ओटे झाले असते. शिवाय गवंड्याने कालवायला आणि भिंती भिजवायला प्लॉटमधल्याच कूपनलिकेचे मचूळ पाणी वापरले होते. लोखंडी सळईच्या काँक्रीटला लागणाऱ्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा दंडक आहे. तो कोणी पाहिला नव्हता. ओसरीच्या स्लॅबखाली गंजाचे तांबडे डाग दिसू लागले होते.

इकडे ट्रकमालकाचा गाळा माळावर ठणठणीत उभा होता. ना भेग, ना ओल. टपरीवर तो छाती काढून सांगायचा, “मास्तरांनी एवढे कागद तपासले, काय झालं? मी काय बघितलं? रस्ता! धंद्यात माती बघायची नसते, रस्ता बघायचा असतो.”

म्हातारा ऐकायचा आणि बशीतला चहा फुंकायचा.

याच जोरावर ट्रकमालकाने खाडीच्या बाजूला दोन एकर घेतले. तिवरांची रेघ तिथून हाकेच्या अंतरावर होती. भरतीच्या वेळी प्लॉटच्या कडेला पाणी पाझरताना दिसत होते. त्याने पाहिला तो रस्ता. जमीन सखल होती, म्हणून दोन मीटर मुरूम ओतून उंच केली आणि वर मोठे गोदाम बांधले. खांब पाषाणापर्यंत नेले होते, त्यामुळे छप्पर आणि भिंती शाबूत राहिल्या. फरशी मात्र नुसत्या भरावावर टेकली होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भराव घातला की जमीन मजबूत झाली असे लोक समजतात. पण मऊ गाळावर घातलेला भराव म्हणजे पाया नव्हे, वजन. मुरूम घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरतो. दोन मीटर भराव म्हणजे एकही पेटी ठेवण्याआधी चौरस मीटरला साडेतीन-चार टन. खालच्या चिखलात पाणी कोंडलेले असते. वरून भार आला की ते पाणी हळूहळू पिळून निघते, चिखल आकसतो आणि वरचे सगळे खाली येते. चिकणमातीतून पाणी इतके सावकाश निघते की हे खचणे वर्षानुवर्षे चालते. जाणते लोक आधी चिखलात उभ्या निचरापट्ट्या रोवतात, वर मुद्दाम भार ठेवतात, काही महिने थांबून पाणी काढून घेतात आणि मगच बांधतात. थांबायला ट्रकमालकाला वेळ नव्हता. भाडेकरू दारात होता.

वर्षाभरात फरशी खांबांजवळ उंच आणि मधे खोलगट झाली. फोर्कलिफ्ट खांबाजवळून जाताना दणका बसू लागला. उंच रॅक एकमेकांकडे झुकले. एका सकाळी वरच्या कप्प्यातली खोकी खाली आली. नशीब, खाली माणूस नव्हता. भाडेकरूने नोटीस दिली.

शेवटी गोदामाची फरशी फोडून तिपाई उभी राहिली. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती घाव लागतात ते मोजायचे, अशी ती परीक्षा. जितके घाव जास्त तितकी जमीन कणखर. सारा गाव बघायला जमला. म्हाताराही काठी टेकत आला. वरचा मुरूम संपेपर्यंत घावांची मोजदाद चालली. मग करडा गाळ लागला आणि हातोडा उचलण्याआधीच नळी आपल्या वजनाने सरकन खाली गेली. मोजणाऱ्याने पेन्सिल कानावर ठेवली. वहीत लिहायला काही नव्हते.

नळी वर काढली. तोंडाशी चिकटलेला गाळ म्हाताऱ्याने बोटावर घेतला आणि अंगठा दाबला. बोलला काहीच नाही.

बाईचे काय झाले? तिने बेत बदलला. जमीन गुलाब देणार नसेल तर गुलाब जमिनीत लावायचे कशाला? तिने रोपवाटिका काढली. पिशव्यांत आणि कुंड्यांत माळावरची लाल माती आणि शेणखत भरले, त्यात गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. पिशवीतल्या रोपाला खालच्या खारीशी देणेघेणे नसते, त्याला लागते ते गोडे पाणी. म्हणून पहिल्या कमाईतून तिने शेडवर पन्हळ लावले आणि पावसाचे पाणी साठवायला पक्की टाकी बांधली.

जमिनीचाही तिने नाद सोडला नाही. चारी बाजूंनी चर खणला, मधे उंच वाफे केले. पावसाचे पाणी वाफ्यांतून मीठ धुऊन चरात नेऊ लागले. पाऊस संपला की वाफ्यांवर भाताचा पेंढा अंथरायचा, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि खालचे मीठ वर चढत नाही. पहिल्या वर्षी तिने पालक आणि बीट लावले, कारण दोघांनाही थोडे मीठ सोसते. कडेला भेंड आणि करंज, उंचवट्यांवर नारळ आणि चिकू. आंबा नाही, केळ नाही. काही नारळ पहिल्या उन्हाळ्यात गेले, ते तिने पुन्हा लावले. दर पावसाळ्यानंतर माती तपासायला द्यायची आणि कागद भिंतीला टांगायचा, हा नेम तिने मोडला नाही. आकडा दरवर्षी थोडा उतरत गेला. काल्हेरातल्या नव्या सोसायट्या आता बाल्कनीसाठी रोपे तिच्याकडून नेतात.

एका संध्याकाळी तिघेही म्हाताऱ्याच्या ओसरीवर जमले. ट्रकमालक तणतणत होता, “बाबा, तुमच्या गावच्या जमिनीनं आम्हाला बुडवलं.”

म्हातारा म्हणाला, “शेट, जमीन कुनाला बुडवत नाय. मी दगड हाय असं खारीनं तुला सांगितलं होतं का? तू तिला इचारलंस कधी? पहिल्या वेळी तू तरलास तो माळामुळं, तुझ्या अकलेमुळं नाय. ते तुला कळलं नाय, म्हनून दुसऱ्या वेळी बुडालास.”

मास्तर हळूच म्हणाले, “आणि मी तर सगळं तपासलं होतं.”

“तुमी मालक तपासला, मास्तर. जमीन नाय तपासली. सातबारा सांगतो जमीन कुनाची. ती कशी हाय ते मातीच सांगते.”

बाई काही बोलली नाही. तिच्याकडे वळून म्हातारा म्हणाला, “हिला सगळ्यांत वाईट तुकडा मिळाला असं तुमी म्हनाल. पन खार वाईट नाय. आमच्या तीन पिढ्या तिनं पोसल्या. आमी फक्त तिच्याकडं गुलाब नाय मागितला.”

मग मास्तरांनी शाळेतल्या सवयीने वही काढली आणि गावात जागा घ्यायला येणाऱ्या नव्या माणसासाठी म्हाताऱ्याकडून प्रश्न लिहून घेतले. इथे पूर्वी कोणते पीक यायचे? पावसात पाणी किती चढते आणि किती दिवस राहते? शेजारची विहीर गोडी की मचूळ, आणि मे महिन्यात तिची चव बदलते का? भराव कसला, किती जाड, किती वर्षांचा? भरावाआधी इथे तळे, ओहोळ, खाचर काय होते? शेवटच्या प्रश्नापुढे मास्तरांनी स्वतःची भर घातली: जुना गावनकाशा आणि मोबाइलवर दिसणारी जुनी उपग्रहचित्रे पाहावीत, बुजवलेले तळे तिथे अजून दिसते. खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. जागा एकदा भर पावसात आणि एकदा भर उन्हाळ्यात पाहावी. बाग करायची तर मातीचा अहवाल आणि बांधायचे तर बोअरचा अहवाल, इसार देण्याआधी.

ट्रकमालक म्हणाला, “एवढं करायला कुणाला वेळ आहे?”

म्हातारा म्हणाला, “खचलेली फरशी फोडायला तुला वेळ मिळाला की.”

तात्पर्य: चांगली जमीन आणि वाईट जमीन असे काही नसते. आपल्या कामाला जुळणारी आणि न जुळणारी जमीन असते. माती आपल्या बेताप्रमाणे बदलत नाही, बेत मातीप्रमाणे बदलावा लागतो आणि तो बदलायची वेळ सौद्याच्या आधीची असते. नशिबाने एकदा साथ दिली म्हणून तपासणी सोडू नये. आणि खरेदीखतावर अंगठा उमटवण्याआधी तो एकदा मातीत दाबून पाहावा.